ओल्या दोराचं माप

मातीवरून ओढली जाणारी साखळी कोरड्या, एकसुरी आवाजात वाजत होती. त्या आवाजाला कुणाचीही भीड नव्हती. तिचं एक टोक मोजणीच्या बाईंच्या हातात होतं आणि दुसरं दोरवाल्याच्या. बाईंचा मदतनीस खालच्या वस्तीत तापाने पडला होता, म्हणून स्वतःच्या जमिनीची झडती घ्यायला दोरवाल्याला स्वतःच उभं राहावं लागलं होतं.

“ताठ धरा,” बाई म्हणाल्या. “झोळ नको.”

चाळीस वर्षं दोर वळलेल्या माणसाला झोळ म्हणजे काय हे आजवर कुणाला शिकवावं लागलं नव्हतं. त्याने दात आवळले आणि साखळी ताठ धरली.

थंडीची सुरुवात होती. उतारावरचं दहिवर अजून विरलं नव्हतं. वाटाण्याच्या वेलांवर ते राखेसारखं पसरलं होतं आणि गव्हाच्या कोवळ्या ओळी त्यातून हिरव्या शिवणीसारख्या वर येत होत्या. घराच्या दारात दोरवाल्याची बायको उभी होती. तिने हातातलं केरसुणीचं काम अर्ध्यावर सोडलं होतं, पण केरसुणी खाली ठेवली नव्हती. दोरवाल्याची थोरली, विधवा बहीण अक्का ओट्यावर बसून शेळीच्या गळ्यातला गोंडा उगाच सारखा करत होती. तिघांपैकी कुणीही काल रात्रीपासून नीट जेवलं नव्हतं, आणि हे तिघांनीही एकमेकांपासून लपवलं होतं.

पाच वर्षांपूर्वी हा सगळा उतार निव्वळ दगडांचा होता. शासनाने त्याचे चार-चार एकरांचे तुकडे पाडले आणि काम गमावलेल्या कुटुंबांना वाटले, ते अटींवर. अटींचं पत्रक बायकोने घराच्या आतल्या भिंतीला खळीने चिकटवलं होतं. रोज चुलीपुढे बसताना ते डोळ्यांसमोर येई, आणि धुराने पिवळं पडूनही त्यातलं एक अक्षरही मऊ झालं नव्हतं. तुकड्यावर घर बांधून राहायचं. शंभर झाडं जगवायची. आणि पाच वर्षं भरतील तेव्हा चारांतले तीन एकर, म्हणजे एकशे वीस गुंठे, वीतभर खोल खणलेले, दगड वेचलेले, पेरलेले हवेत. यातली एक अट उणी पडली तरी तुकडा परत जायचा, घरासकट, झाडांसकट.

पाच वर्षं या महिन्यात भरत होती.

घर झालं होतं. झाडं अक्काने मोजून दाखवली होती. “एकशे चार,” ती म्हणाली होती. “त्यातली दोन मेलीत असं हा म्हणतो. मी काही त्यांना मेलेली मानत नाही. माणसंही अशी वर्षभर निपचित असतात आणि मग उठून भांडायला लागतात.”

बाईंनी एकशे दोन लिहिली होती, पण लिहिताना त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला होता.

राहिली होती ती जमीन. उन्हं डोक्यावर येईतो साखळी आडवी फिरली, उभी फिरली. शेवटी बाई बांधावर बसल्या, मांडीवरच्या कागदावर आकडे मांडले आणि पेन्सिल कानावर ठेवली.

“एकशे बारा,” त्या म्हणाल्या. “आठ गुंठे कमी पडतात.”

दोरवाल्याला आधी ऐकूच आलं नाही. त्याने आपल्या तळव्यांकडे पाहिलं. दोर वळून वळून त्या हातांवर दोन आडवे घट्टे पडले होते. पाच वर्षांच्या पहारीने त्यांच्यावर नवे उभे घट्टे चढवले होते. या हातांनी एकशे वीस गुंठे केले होते. एक-एक गुंठा दोर टाकून आखला होता.

“परत मोजा,” तो म्हणाला.

“मोजते,” बाई म्हणाल्या. कुरकुर न करता उठल्या. पुन्हा साखळी वाजली. पुन्हा एकशे बारा.

“तुम्ही कशाने मोजलं होतं?”

“दोराने. मी स्वतः वळलेल्या. साखळीशी ताडून घेतला होता, तालुक्याच्या कचेरीत.”

“आणि मोजलं कधी?”

उत्तर दारातून आलं. “आलो त्याच आठवड्यात,” बायको म्हणाली. “घाई होती. अवकाळी पाऊस थांबतच नव्हता, तसंच भिजत मोजलं.”

बाईंनी मान वर केली, दोरवाल्याकडे पाहिलं आणि नजर लगेच दुसरीकडे वळवली. त्या नजर वळवण्यात जी सभ्यता होती, ती त्याला चाबकासारखी लागली. तागाचा दोर ओला झाला की आखडतो. हे दोर वळणाऱ्याचं पोर चालायच्या आधी शिकतं.

बाई मात्र थांबल्या नाहीत. त्यांनी नकाशा उलगडला, ओढ्याच्या काठी शासनाने पुरलेल्या दगडाशी गेल्या आणि तिथून उताराच्या रुंदीची मोजणी पुन्हा सुरू केली. दहा साखळ्या. नऊ झाल्या. दहावी साखळी बांधापर्यंत पोचली, बांधावर चढली आणि पलीकडे उतरली. शेजाऱ्याच्या रानात अर्धी साखळी आत जाऊन ती संपली. तिथे, आणि मग त्याच रेषेत वर-खाली, बाईंनी लाकडी खुंट्या ठोकल्या.

“तुमची हद्द इथे आहे,” त्या म्हणाल्या. “बांध चुकीच्या जागी पडलाय. ही वरपासून खालपर्यंतची पट्टी तुमची. बरोबर आठ गुंठे.”

त्या खाली वाकल्या आणि मूठभर माती उचलली. बांधाच्या अलीकडची माती फिकट, खडेरी होती. ही काळी होती, ओलसर, बोटांतून कुस्करून पडणारी. तिच्यात तागाच्या ताटांचे कुजके तुकडे मिसळलेले होते. वरून गहू वीतभर आला होता.

“मशागत छान आहे,” बाई म्हणाल्या. “पण तुमची दिसत नाही.”

“नाही.”

“शेजारी घरी आहे?”

“असेल.”

“बोलवा.”

कुणी हललं नाही. दोरवाला आणि हा शेजारी, विहीरवाला, यांच्यात साडेतीन वर्षं शब्द नव्हता. बायकोने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा बांधाकडे. मग अक्का गुडघ्यांवर हात रोवून उठली.

“मी आणते. माझं त्याच्याशी काही बिनसलेलं नाही. माझं बिनसलंय ते ह्याच्याशी.”

*

विहीरवाला आला तो गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला. उंच, किंचित लंगडणारा, खांदे रुंद आणि छाती आत गेलेली. जन्मभर लोकांच्या विहिरी खणल्या आणि आता या उतारावर स्वतःची खणत होता. तो बांधावर येऊन उभा राहिला. अलीकडे आला नाही.

“ही पट्टी तुम्ही कसता?” बाईंनी विचारलं.

“कसतो.”

“ती तुमची नाही. माहीत आहे?”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“दुसऱ्या उन्हाळ्यापासून. माझ्या पलीकडच्या अंगाला शासनाचा दुसरा दगड आहे ना, तिथून मोजून पाहिलं. अर्धी साखळी जास्त भरली.”

बाईंनी कानावरची पेन्सिल काढली. त्यांचा आवाज बदलला नाही, पण तो आता कागदावरून येत होता. “मग मला दोन गोष्टी सांगाव्या लागतील. जाणूनबुजून दुसऱ्याची जमीन कसली तर ते अतिक्रमण. अतिक्रमण करणाऱ्याचा स्वतःचा तुकडा चौकशीत जातो. आणि ज्याच्या जमिनीवर अतिक्रमण झालं, त्याला अटी पुऱ्या करायला एक वर्ष वाढवून मिळतं.”

दहिवर केव्हाच विरलं होतं. ऊन आता सगळ्यांच्या चेहऱ्यांवर सारखं पडलं होतं. दोरवाल्याच्या बायकोने केरसुणी भिंतीला टेकवून ठेवली.

एक वर्ष. गप्प राहिलं तर एक वर्ष मिळणार होतं. खोटं बोलायची गरज नव्हती. नुसतं उभं राहायचं होतं, साखळीचं टोक धरून, ताठ. विहीरवाल्याने आपल्या तोंडानेच सगळं कबूल केलं होतं. आणि तो तरी बचावाचं काही बोलत होता का? तो दूरवर आपल्या विहिरीच्या ढिगाऱ्याकडे पाहत होता, जणू इथे चाललेलं बोलणं तिसऱ्याच कुणाबद्दल होतं.

दोरवाल्याला ती दुसऱ्या उन्हाळ्यातली दुपार आठवली. खरं तर ती कधी विसरलीच नव्हती. त्या सकाळी एक फेरीवाला सायकलवरून प्लास्टिकचे रंगीत दोर विकायला आला होता. लाल, निळे, पोपटी. न कुजणारे, न आखडणारे. याच दोरांनी शहरातला त्याचा कारखाना बंद पाडला होता. चाळीस वर्षं ज्या लांबलचक छपराखाली तो उलट्या पावलांनी चालत दोर वळत आला होता, पुढे पाहायची सवयच न उरलेल्या माणसासारखा, त्या छपराला एका सकाळी कुलूप दिसलं होतं. आणि अक्काने त्या फेरीवाल्याकडून कपडे वाळत घालायला पोपटी दोर विकत घेतला. त्याच्या देखत. त्यावरून घरात दुपारपर्यंत वादळ चाललं होतं, आणि नेमका तेव्हाच विहीरवाला खांद्यावर दोराचं वेटोळं टाकून बांधावर आला. तो मापाचाच दोर, दोरवाल्यानेच त्याला पहिल्या वर्षी दिलेला. तो हसत म्हणाला होता, “अरे, तुझा दोर चुकलाय.”

पुढचं दोरवाल्याने ऐकलं नव्हतं. विहीर खणणाऱ्याने मला दोर शिकवायचा नाही, एवढं तो म्हणाला होता. आणखीही काय काय म्हणाला होता. विहीरवाला क्षणभर उभा राहिला होता, तोंड अर्धवट उघडं ठेवून, आणि मग वेटोळं पुन्हा खांद्यावर घेऊन निघून गेला होता. कुणाच्या तरी दारी काही द्यायला आलेला माणूस दार लावून घेतल्यावर जसा परत जातो, तसा.

“बाई,” दोरवाला म्हणाला. “तो सांगायला आला होता.”

“काय सांगायला?”

“हेच. की जमीन माझी आहे. मी ऐकून घेतलं नाही. हाकलून दिला.”

“का?”

साखळीचं टोक अजून त्याच्या मुठीत होतं. बायको ऐकत होती, अक्का ऐकत होती, आणि बांधावरचा तो माणूस पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहत होता. दोरवाल्याला वाटलं, सगळा उतार कान देऊन बसलाय; एकशे दोन झाडं आणि ती दोन मेलेलीसुद्धा.

“माझा दोर चुकला होता म्हणून,” तो म्हणाला. “ओला होता. मी ओल्या दोराने मोजलं. हा बांध मी घातला, चुकीच्या जागी, माझ्या हाताने. यात त्याचं अतिक्रमण काही नाही.”

मग अक्का हळूच म्हणाली, “सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमच्याकडे साडेतीन वर्षांनी का होईना, थोडा सैल झाला.”

बाईंनी आधी लिहिलेली ओळ खोडली. खोडताना पेन्सिल दोनदा फिरवली, की खालचं वाचता येऊ नये. “मग हे अतिक्रमण नव्हे,” त्या म्हणाल्या. “मग ही शेजाऱ्याने केलेली मशागत. तिच्यासाठी वेगळं कलम आहे, फार कुणी वाचत नाही. दुसऱ्याने केलेली मशागत तुमच्या खात्यात धरता येते, पण तुम्ही त्याच्याकडे तितकेच दिवस राबून ती फेडलेली पाहिजे. पैशांनी फेडलेली चालत नाही.” त्या विहीरवाल्याकडे वळल्या. “किती दिवस खपलात या पट्टीत?”

“मोजले नाहीत.”

“वर्षाला?”

“तीन-चार.”

“तीन धरते. तीन वर्षांचे नऊ.” त्यांनी साखळी गुंडाळायला घेतली. “मी वरच्या तुकड्यांकडे चाललेय. दहाव्या दिवशी परत उतरेन. तेव्हा पट्टीतले नऊ दिवस विहिरीत दिसले पाहिजेत. आणि हद्दीवर खुंट्यांच्या जागी रोवायला दगड तयार ठेवा.”

विहीरवाला डोकं खाजवत म्हणाला, “मी मदत मागितली नव्हती.”

“कायदा मागतोय,” बाई म्हणाल्या.

*

पहिल्या दिवशी सकाळी दोरवाला बांध ओलांडून गेला तेव्हा विहीरवाला आधीच खाली उतरला होता. वरून त्याचं फक्त डोकं दिसत होतं, खोल आणि लहान, हंड्याच्या तळाशी राहिलेल्या लिंबासारखं. विहीर तीस हात गेली होती. पाणी अजून नव्हतं, नुसता पाझर. भिंतींतून घाम फुटल्यासारखी ओल निथळत होती आणि तळाशी घोटाभर चिखल साचत होता. तोंडावर दोन आडव्या लाकडांवर रहाट बसवला होता. आजवर विहीरवाला दगडांची टोपली खाली भरून, शिडीने वर येऊन, स्वतःच ती ओढत असे. एका टोपलीमागे एक चढण आणि एक उतरण. हे दोरवाल्याने बांधापलीकडून साडेतीन वर्षं पाहिलं होतं आणि पाहिलं नाही असं ठरवलं होतं.

“ओढ,” खालून आवाज आला.

त्याने रहाटाची मूठ फिरवली. दोर ताठ झाला, करकरला, आणि दोरवाल्याने तो आवाज ओळखला. आपल्या मुलाचा आवाज दुसऱ्याच्या घरातून ऐकू यावा तसा. हा त्याचाच दोर होता. पाच वर्षं चिखलात, पाण्यात, दगडांत राबलेला. बाहेरचे धागे झिजून केसाळ झाले होते, पण आतला पीळ जागचा हलला नव्हता.

त्या दिवशी दोघांत फक्त तीन शब्द बोलले गेले. ओढ. थांब. सोड.

दुसऱ्या दिवशी दोरवाल्याच्या खांद्यांनी संप पुकारला. दोर वळणाऱ्याची ताकद मनगटात आणि मागे पडणाऱ्या पावलांत असते. रहाट पाठीच्या कण्याकडून काम घेतो. दुपारी बायको भाकरी घेऊन आली तेव्हा त्याला हात तोंडापर्यंत नेता येईना.

“भरवू का?” तिने विचारलं.

“अगं, हळू बोल. खाली ऐकू जातं.”

“ऐकलं,” विहिरीतून आवाज आला. “वहिनी, भरवा त्याला. नाहीतर माझी टोपली अर्ध्यावर सोडायचा.”

ती हसली. फडक्यात बांधलेली दुसरी भाकरी तिने टोपलीत ठेवली आणि स्वतः रहाटाची मूठ धरून ती खाली सोडली. “भाऊजी, वर कांदा आहे बरं का, पडू देऊ नका,” ती विहिरीत वाकून म्हणाली. या बांधावरून तिने या माणसाशी कधी बोलणं थांबवलं नव्हतं, हे दोरवाल्याच्या त्या क्षणी लक्षात आलं. घरात दर उन्हाळ्यात दिसणारं भोपळ्याचं बी कुठून येत होतं, हेही.

“तुझं येणं-जाणं होतं वाटतं इकडे,” तो पुटपुटला.

“अहो, भांडण तुमचं होतं. मी ते अर्धेलीने केलं नव्हतं.”

चौथ्या दिवशी त्याने दोराची डागडुजी केली. रहाटावर जिथे दोर घासत होता तिथे एक हातभर भाग झिजला होता. त्याने तो उलगडला, पट्टीतल्या बांधाकडेला उभ्या राहिलेल्या जुन्या तागाची साल काढली, मांडीवर धागा वळला आणि पिळात पीळ घालून जोड बसवला. विहीरवाला वर येऊन चिलीम भरत पाहत राहिला. जोड कुठे आहे ते बोटांना कळत नव्हतं.

“ताग का पेरलास माझ्या पट्टीत?” दोरवाल्याने मान वर न करता विचारलं.

“जमीन हलकी होती. ताग पेरून गाडला की दगडालासुद्धा माया फुटते.” विहीरवाल्याने धूर सोडला. “तिसऱ्या वर्षी गहू टाकला.”

“ते नाही विचारलं. तुला काय पडलं होतं?”

“तण. तुझं तण माझ्या रानात यायचं.”

“तणाला तीन वर्षं लागत नाहीत.”

विहीरवाला उठला आणि शिडीला लागला. “काम कर,” तो म्हणाला, “दिवस बुडतोय.” दिवस डोक्यावर होता.

खरं उत्तर सातव्या दिवशी मिळालं, आणि तेही विहिरीच्या पोटातून. त्या दिवशी तळाशी मोठा दगड लागला होता. विहीरवाला त्याच्याभोवती माती काढत होता आणि पहारीच्या घणघणाटात मधूनमधून बोलत होता. कदाचित माणसाचा चेहरा समोर नसला की काही गोष्टी सोप्या होतात. कदाचित अंधारात उभ्या माणसाला वरून येणाऱ्या उजेडाशी बोलावंसं वाटतं.

“पहिल्या वर्षी विहीर आठ हात झाली होती,” तो म्हणाला. “एक बाजू ढासळली. छातीपर्यंत गाडला गेलो. कुणी नव्हतं. तू दिलेला दोर वर झाडाला बांधलेला होता. तो धरून वर आलो. दुपारपासून अंधार पडेपर्यंत, एकेक वीत.”

दोरवाल्याने रहाट थांबवला.

“तेव्हा हा लंगडेपणा लागला. कुणाला सांगितलं नाही. विहीर खणणारा विहिरीत गाडला जातो हे काय सांगायचं? तुझ्यासारखंच.”

“मला सांगायचं होतंस.”

“सांगायचंच होतं. म्हटलं, काहीतरी हातात घेऊन जाऊ. रिकाम्या हाताने उपकार काय मानायचे. उन्हाळ्यात मोजलं तर ती पट्टी निघाली. म्हटलं झालं, सोन्याहून पिवळं. त्याचीच जमीन त्याला नेऊन देऊ आणि मग दोराचंही सांगू.” पहारीचे दोन घाव. “तू तर पहिल्याच वाक्याला हाकललंस.”

वाऱ्याने ढिगाऱ्यावरची धूळ उडवली. दोरवाला विहिरीच्या कडेवर बसला, पाय आत सोडून. त्याच्या मनात आलं, साडेतीन वर्षं मी एका दोराची लाज वागवली, आणि तोच दोर इथे एका माणसाला जिवंत ठेवून होता. तीस हात खाली काहीतरी पुसल्यासारखा आवाज झाला. विहीरवाला बाहीने नाक पुसत असावा.

“माझं माप चुकलं होतं,” दोरवाला म्हणाला. हे तो आता दुसऱ्यांदा म्हणत होता, आणि या खेपेला ते सोपं गेलं.

“दोर काय मापायला असतो?” खालून आलं. “धरायला असतो. ओढ आता. हा धोंडा निघतोय.”

तो धोंडा काढायला दोघांना पुढचा सगळा दिवस लागला. दोर त्याच्याभोवती फिरवून, बायको आणि अक्का दोघींना रहाटाच्या दुसऱ्या मुठीवर घेऊन, चौघांनी तो तसूतसूने वर आणला. अक्का प्रत्येक फेऱ्याला शिव्या घालत होती. धोंड्याला, भावाला, शासनाला, आळीपाळीने. धोंडा काठावर आला आणि सगळे तिथेच जमिनीवर बसले. कुणाच्या अंगात आनंदायचंही बळ नव्हतं.

“हाच रोवा हद्दीवर,” अक्का धापा टाकत म्हणाली. “ह्याला कुठली शेळी उपटते बघू.”

कारण बाईंनी ठोकलेल्या खुंट्या शेळीने पहिल्या दोन दिवसांतच उपटून चघळल्या होत्या.

*

दहाव्या दिवशी बाई उतरल्या. मदतनीस बरा होऊन त्यांना वरच येऊन मिळाला होता आणि सामान घेऊन सकाळीच खाली गेला होता. बाई एकट्याच आल्या. त्यांनी विहीर वाकून पाहिली, ढिगारा पाहिला, दोरवाल्याचे तळवे उलटे करून पाहिले. तिथे आता तिसरी, तिरपी रेघ पडली होती. मग त्या ओट्यावर बसल्या आणि लिहू लागल्या.

लिहिणं संपेतो अक्का शेळीच्या गळ्यातला गोंडा सारखा करत राहिली.

“एकशे वीस,” बाई म्हणाल्या. “अटी पुऱ्या. तुकडा तुमच्या नावे कायम.” त्यांनी कागद पुढे केला आणि बोटाने एक रकाना दाखवला. “इथे हद्दीच्या चुकीचं कारण लिहायचंय. मी कोरं ठेवलंय. ‘अनवधान’ लिहिलं तरी चालतं.”

दोरवाल्याने पेन्सिल घेतली. त्याला लिहायला वेळ लागे; अक्षरं तो दोराच्या गाठींसारखी एकेक घट्ट करत लिही. त्याने लिहिलं: दोर ओला होता. मग खाली अंगठ्याएवढी सही केली.

बायको आत गेली. चुलीपुढच्या भिंतीवरचं ते पिवळं पत्रक तिने काढायला हात लावला. खळ पाच वर्षांत भिंतीशी एकजीव झाली होती. तिने नखाने एक कोपरा उचलून पाहिला, मग तळव्याने तो पुन्हा चापून बसवला आणि डोळे पुसत बाहेर आली. “राहू दे,” ती स्वतःशीच म्हणाली. “सवय झालीये त्याची.”

“आता दगड,” बाई म्हणाल्या. “तो माझ्यादेखत रोवलेला हवा. खुंट्या कुठे आहेत?”

सगळ्यांनी शेळीकडे पाहिलं. शेळीने दुसरीकडे पाहिलं.

“बरं. ओढ्याच्या दगडापासून पुन्हा मोजू. पण साखळी खाली गेली.” बाई जरा ओशाळल्या. “काही आहे का मोजायला?”

विहीरवाला बांध ओलांडून गेला आणि रहाटावरून दोर उतरवून घेऊन आला. त्याच्या टोकापासून एका साखळीच्या अंतरावर मापाची जुनी चिंधी अजून बांधलेली होती, दोरवाल्याने पाच वर्षांपूर्वी कचेरीत बांधलेली. त्याने ते वेटोळं दोरवाल्यासमोर धरलं. त्या दुपारी धरलं होतं तसंच.

दोरवाल्याने ते दोन्ही हातांत घेतलं. दोर जड होता. विहिरीची ओल त्याच्यात शिरली होती आणि पिळापिळातून पाणी त्याच्या मनगटांवर उतरत होतं. त्याने चिंधीजवळचा भाग चिमटीत धरून दाबला. एक थेंब निघाला, घट्ट्यांवरून घरंगळला आणि मातीत पडला.

“मोज की,” विहीरवाला म्हणाला. “तुझाच दोर आहे.”

“सुकू दे आधी,” दोरवाला म्हणाला.

त्याने तो दोर बांधावर उन्हात लांबच लांब पसरला. उलट्या पावलांनी, मागे-मागे जात, दोन्ही रानांच्या मधोमध. मग सगळे त्याच्या कडेने बसले. अक्काने पदरातून भाजलेले वाटाणे काढले आणि मुठी-मुठीने वाटले, विहीरवाल्याला एक मूठ जास्त. बाईंनी उतरत्या सूर्याकडे पाहिलं, खालच्या लांब वाटेकडे पाहिलं आणि मग वाकून, सावकाश, पायांतले बूट काढले.